आकडा आणि त्याची ओळख : डॅशबोर्ड व मेटाडेटा कॅटलॉग यांच्या जोडणीची चिकित्सा (सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील मत्स्यविदेच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

भारताच्या किनारपट्टीची लांबी ७,५१६.६ किलोमीटर आहे असे अनेक दशके शिकविले गेले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात मात्र ती ११,०९८.८१ किलोमीटर अशी नोंदविलेली आहे. दरम्यानच्या काळात देशाचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरने वाढलेला नाही. मोजणीसाठी अधिक बारकाव्याचे, १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरले गेले आणि पूर्वी सरळ रेषेत धरलेली वळणे व खाड्यांची मुखे हिशेबात आली. दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीपुरते ग्राह्य आहेत. परंतु पद्धतीचा उल्लेख न करता ते एकाच आलेखात ठेवले, तर पाहणाऱ्याला किनारा वाढल्याचे दिसेल.

आकडा आणि आकड्याची ओळख यांची अशी फारकत आज बिझनेस इंटेलिजन्स डॅशबोर्डमुळे अधिक सुलभ झाली आहे. निर्णय घेणाऱ्याच्या पडद्यावर आलेख व रंगीत चौकटी क्षणार्धात येतात; त्यामागील व्याख्या येत नाहीत. यावर उपाय म्हणून डॅशबोर्डचे साधन मेटाडेटा कॅटलॉगशी जोडण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कारभार करण्याचा उपक्रम हाती घेतल्यामुळे हा विषय या किनाऱ्यालाही परका राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात या जोडणीचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा मालवण किनाऱ्यावरील मासेमारीच्या आकड्यांच्या आधारे केली आहे.

संकल्पनांचे स्वरूप

मेटाडेटा म्हणजे विदेविषयीची विदा. एखाद्या कोष्टकातील स्तंभाचे नाव, त्याची व्याख्या, एकक, कालखंड, संकलनाची पद्धत, जबाबदार व्यक्ती व अद्ययावत केल्याची तारीख या बाबी त्यात मोडतात. अशा नोंदींची शोधता येण्याजोगी सूची म्हणजे मेटाडेटा कॅटलॉग. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांना ही कल्पना नवी वाटणार नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधी आहे. पुस्तक कपाटात असणे पुरेसे नसते, ते कशाविषयी आहे व कोठे आहे हे तालिकेने सांगावे लागते. विदेच्या बाबतीत हेच काम मेटाडेटा कॅटलॉगकडून अपेक्षित आहे.

डॅशबोर्डच्या मुक्तस्रोत साधनांपैकी सुपरसेट हे साधन २०१५ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत सुरू झाले व पुढे अपाची प्रतिष्ठानाकडे गेले. कॅटलॉगच्या क्षेत्रात लिंक्डइन कंपनीने डेटाहब हे साधन २०२० मध्ये खुले केले, तर ओपनमेटाडेटा २०२१ मध्ये पुढे आले. ही साधने मुक्त असल्याने खर्चाची पहिली अडचण दूर झाली आहे. यापुढील विवेचनात सुपरसेट व ओपनमेटाडेटा यांची जोडणी नमुन्यादाखल घेतली आहे.

जोडणीचे तंत्र

ही जोडणी ठराविक क्रमाने होते. प्रथम ज्या डेटाबेसमध्ये मूळ कोष्टके आहेत, त्याची नोंद कॅटलॉगमध्ये केली जाते व कोष्टकांची आणि स्तंभांची नावे आत घेतली जातात. त्यानंतर डॅशबोर्डच्या साधनाची स्वतंत्र नोंद होते. त्यासाठी सुपरसेटचा पत्ता व प्रवेशाचे तपशील द्यावे लागतात. कॅटलॉग एकतर सुपरसेटच्या एपीआयमार्फत किंवा सुपरसेटच्या स्वतःच्या अंतर्गत डेटाबेसमधून डॅशबोर्ड, आलेख व त्यांचे विदासंच वाचून घेतो. हे वाचन वेळापत्रकानुसार पुन्हापुन्हा करता येते.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. कोणता आलेख कोणत्या कोष्टकावर आधारलेला आहे याचा माग कॅटलॉग लावतो. या मागाला लिनिएज, म्हणजेच आकड्याची वंशावळ, असे म्हटले जाते. ती जुळण्यासाठी मूळ डेटाबेसची नोंद आधी झालेली असावी लागते आणि दोन्हीकडील नावे तंतोतंत मिळावी लागतात. क्रम चुकला किंवा नावात फरक राहिला, तर जोडणी यशस्वी झाल्यासारखी दिसते, डॅशबोर्डची यादीही येते. फक्त वंशावळ तयार होत नाही.

वंशावळ तयार झाल्यास तिचा लाभ निर्विवाद आहे. मूळ कोष्टकातील एखादा स्तंभ बदलावयाचा असल्यास कोणते आलेख बाधित होतील हे आधीच कळते. शंकास्पद आकड्यापासून मागे जात त्याच्या उगमापर्यंत पोहोचता येते. तथापि वंशावळ आकड्याचे मूळ दाखविते, त्याचा अर्थ सांगत नाही. हा भेद स्पष्ट होण्यासाठी मालवण किनाऱ्याकडे वळणे उपयुक्त ठरते.

मत्स्यविदेतील चार प्रश्न

देवगड, मालवण व वेंगुर्ले या तीन तालुक्यांत सिंधुदुर्गाचा सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा पसरला आहे. या जिल्ह्यासाठी मासेमारीचा एखादा डॅशबोर्ड तयार केला आणि त्यात ‘मत्स्योत्पादन, सिंधुदुर्ग’ असा आलेख ठेवला, तर त्या दोन शब्दांपुढे किमान चार प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न स्थळाचा. मासळीची आकडेवारी सामान्यतः मासळी जेथे उतरविली जाते तेथे गोळा होते. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची पद्धत अशीच आहे. मालवणसमोरच्या समुद्रात मासे पकडून बाहेरच्या बंदरात उतरविले, तर ते सिंधुदुर्गाच्या आकड्यात येत नाहीत. उलट दूरवर पकडलेली पण येथे उतरविलेली मासळी येथील ठरते. म्हणजे ‘सिंधुदुर्गाचे उत्पादन’ याचे तीन अर्थ संभवतात : येथे उतरलेली मासळी, येथील समुद्रातून काढलेली मासळी आणि येथील नौकांनी पकडलेली मासळी. आलेखाचे शीर्षक या तिन्हींना सारखेच लागू पडते.

दुसरा प्रश्न काळाचा. उपरोक्त संस्थेचे वार्षिक अंदाज कॅलेंडर वर्षाचे असतात, तर राज्य शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे अहवाल एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे असतात. प्रत्यक्ष हंगाम या दोन्हींत बसत नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळानंतर ऑगस्टमध्ये सुरू होणारा हंगाम मे अखेरपर्यंत चालतो. कॅलेंडर वर्ष त्याला डिसेंबरात तोडते, आर्थिक वर्ष मार्चमध्ये. ‘२०२१’ आणि ‘२०२१-२२’ हे स्तंभ एकाच अक्षावर मांडले, तर चढउतारातील काही भाग निव्वळ दिनदर्शिकेचा असतो.

तिसरा प्रश्न पद्धतीचा. संशोधन संस्थेचे आकडे स्तरीकृत बहुस्तरीय यादृच्छिक नमुना पद्धतीने काढलेले अंदाज आहेत. निवडलेल्या केंद्रांवर, निवडलेल्या दिवशी, उतरणाऱ्या नौकांपैकी काहींची पाहणी करून त्यावरून महिन्याचा अंदाज बांधला जातो. अशा अंदाजाला नमुना-त्रुटी असते आणि जसजसे क्षेत्र लहान होत जाते तसतशी ती सापेक्षतः वाढते. राज्याच्या पातळीवर भरवशाचा असलेला अंदाज तालुक्याच्या पातळीवर तितकाच भरवशाचा नसतो. डॅशबोर्डवर मात्र राज्यावर क्लिक करून तालुक्यापर्यंत उतरता येते आणि प्रत्येक पायरीवर आकडा तेवढ्याच ठळक अक्षरांत दिसतो.

चौथा प्रश्न नावाचा. एकाच माशाला किनाऱ्यावर इसवण व सुरमई अशी दोन्ही नावे आहेत. एका नोंदवहीत एक व दुसरीत दुसरे आले, तर संगणकाच्या लेखी त्या दोन जाती होतात. जाळ्यांच्या नावांचेही तसेच आहे. पर्ससीन व मिनी पर्ससीन यांची नोंद एकत्र करावयाची की स्वतंत्र, यावर त्या जाळ्यांच्या वाट्याचा आकडा अवलंबून असतो.

चिकित्सेचे महत्त्व

हे प्रश्न केवळ तांत्रिक शिस्तीचे नाहीत. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. रापण व गिलनेट यांवर जगणारे पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक जाळ्यांचे मालक यांच्यातील संघर्ष या किनाऱ्याने दीर्घकाळ पाहिला आहे. परप्रांतीय ट्रॉलर येथील समुद्रात येऊन मासेमारी करतात ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे, आणि मत्स्यदुष्काळ जाहीर करण्याची मागणीही त्यांच्याकडून वारंवार झाली आहे.

या पार्श्वभूमीवर मालवणचा आलेख खाली गेला तर त्याचे वाचन कसे करावयाचे? समुद्रात मासे कमी झाले, असा एक अर्थ होईल. मासे होते, पण ते दुसऱ्यांनी काढून दुसरीकडे उतरविले, असा दुसरा अर्थ होईल. वादळामुळे नौका बाहेरच पडल्या नाहीत, हा तिसरा अर्थ; ऑक्टोबर २०१९ मधील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांचा काळ आठवला तर तो दुर्लक्षणीय नाही. पहिल्या अर्थावरून मासेमारीवर अधिक बंधने येतील, दुसऱ्यावरून गस्त वाढेल आणि तिसऱ्यावरून नुकसानभरपाई मिळेल. आलेख एकच, त्यावरून कोणाच्या घरची चूल पेटणार हे मात्र व्याख्येवर ठरते.

जोडणीच्या मर्यादा

वरील चार प्रश्नांच्या संदर्भात कॅटलॉगच्या जोडणीकडे पाहिले असता तीन मर्यादा दिसून येतात.

पहिली मर्यादा अशी की आपोआप वाचून घेता येतात ती नावे, व्याख्या नव्हेत. ‘उत्पादन’ असे नाव असलेला स्तंभ कॅटलॉगमध्ये येतो, पण ते उत्पादन उतरविलेल्या मासळीचे आहे हे कोणीतरी हाताने लिहावे लागते. वर्णनाची व जबाबदार व्यक्तीची रकानेच रिकामी राहिली, तर कॅटलॉग म्हणजे अनुक्रमणिका असलेले पण पाने कोरी असलेले पुस्तक ठरते.

दुसरी मर्यादा वंशावळीच्या टोकाची आहे. कार्यालयांतील बरीच विदा एक्सेलच्या फायलींतून डेटाबेसमध्ये चढविली जाते. कॅटलॉगची वंशावळ डेटाबेसमधील कोष्टकापाशी थांबते. फायलीमागची नोंदवही, नोंदवहीमागची लिलावाची जागा आणि तेथे टोपल्यांवरून किलोत केलेले रूपांतर हा प्रवास तिच्या कक्षेबाहेर राहतो. मत्स्यविदेतील शंकेची स्थाने नेमकी याच प्रवासात आहेत.

तिसरी मर्यादा दिशेची आहे. वर वर्णन केलेल्या जोडणीत कॅटलॉग डॅशबोर्डकडून माहिती वाचतो. कॅटलॉगमध्ये लिहिलेली व्याख्या त्यामुळे डॅशबोर्ड पाहणाऱ्यासमोर आपोआप येत नाही. विश्लेषक कॅटलॉग उघडतो. बैठकीतील अधिकारी, लोकप्रतिनिधी वा मच्छीमार संस्थेचा पदाधिकारी फक्त आलेख पाहतो. ज्याला व्याख्येची सर्वाधिक गरज आहे, त्याच्यापर्यंतच ती पोहोचत नाही. सुपरसेटमध्ये आलेखाचे वर्णन, स्तंभाचे वर्णन आणि विदासंच प्रमाणित असल्याची खूण यांसाठी सोय आहे. ती भरण्याचे काम जोडणीच्या आराखड्यातच समाविष्ट केले पाहिजे.

येथे असा आक्षेप घेता येईल की एका जिल्ह्यासाठी इतका खटाटोप कशाला. व्याख्यांचा एक छापील तक्ता पुरेसा आहे. या आक्षेपात तथ्य आहे. नीट लिहिलेला तक्ता हा रिकाम्या कॅटलॉगपेक्षा निश्चितच श्रेष्ठ होय. परंतु तक्ता एका जागी राहतो आणि आलेख अनेक जागी फिरतो. कोष्टक बदलले तरी तक्त्याला ते कळत नाही. तेव्हा आधी तक्ता व मग कॅटलॉग हा क्रम योग्य ठरतो. साधन आधी व व्याख्या नंतर, हा आज आढळणारा क्रम उलटा आहे.

महाविद्यालयांचे कार्य

व्याख्यांचा असा तक्ता तयार करणे कोणा एका विभागाच्या आवाक्यातील काम नाही, आणि म्हणूनच ते बहुशाखीय महाविद्यालयाला साजेसे आहे. माशांच्या स्थानिक नावांची शास्त्रीय नावांशी सांगड प्राणिशास्त्राचे अध्यापक घालू शकतात. गावागणिक बदलणाऱ्या नावांची नोंद मराठी विभाग करू शकतो. टोपली व वाटा या मापांचा अभ्यास वाणिज्य व अर्थशास्त्राचा, उतरण-केंद्रांचे नकाशे भूगोलाचे, अंदाजातील त्रुटी संख्याशास्त्राची, आणि नोंदींचे वर्गीकरण ग्रंथपालाचे. संगणकशास्त्र विभागाने जोडणी करावी, पण ती या सर्वांनंतर. या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. बंदरावर जाऊन विचारण्याची तयारी मात्र हवी.

समारोप

डॅशबोर्ड व मेटाडेटा कॅटलॉग यांची जोडणी आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. दोन साधने जुळल्याने आकड्याचा माग मिळतो. अर्थ मिळण्यासाठी माणसाने व्याख्या लिहावी लागते, तिची जबाबदारी घ्यावी लागते आणि ती आलेखाच्या शेजारीच दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. एखादी जोडणी यशस्वी झाली की नाही याची कसोटी सोपी आहे. मालवणच्या बंदरावरील मच्छीमाराने पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवून ‘हे मासे कोणी, कोठे आणि कधी मोजले?’ असे विचारले, तर त्याच पडद्यावरून उत्तर देता आले पाहिजे.