बालदीतला शंकू

स्पेनमधल्या जवळपास प्रत्येक घरात, गॅलरीच्या नाहीतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बालदी असते. साधी, प्लॅस्टिकची. तिच्या तोंडाशी भोकाभोकांचा एक शंकू अडकवलेला असतो: वर रुंद, खाली निमुळता, मोदकपात्रातली चाळण कुणी मधोमध दाबून खोल केली तर होईल तसा. जोडीला एक उंच दांडा आणि त्याच्या टोकाला जाड सुती दोऱ्यांचा झुपका. या दोघांना मिळून ‘फ्रेगोना’ म्हणतात. झुपका पाण्यात बुचकळायचा, शंकूत घालायचा, दांड्यावर भार देऊन अर्धा वळसा घ्यायचा, पाणी निथळलं की लादी पुसायला लागायचं. वापरायची रीत सांगायला एक वाक्य पुरलं. मी मात्र गेले कित्येक दिवस त्या शंकूपाशीच अडकलो आहे.

लादी पुसण्याच्या कामात पुसणं हा सोपा भाग. अवघड आहे ते पिळणं. फडक्यात पाणी जास्त राहिलं तर लादीवर तळी साचतात आणि वाळल्यावर ओघळांचे डाग उरतात. कमी राहिलं तर फडकं मळ उचलत नाही, नुसता पसरवतं. हे ‘बेताचं ओलं’ कुठल्या मापात सांगता येत नाही, ते मनगटाला कळतं. त्यात एका खोलीला फडकं चार-पाच वेळा तरी बुडवावं आणि पिळावं लागतं. पाहणाऱ्याला दिसतो तो जमिनीवरून फिरणारा हात. दमतो तो बालदीवर पिळणारा. दुकानात मॉपच्या खोक्यांवर ज्या फुशारक्या छापलेल्या असतात त्या बहुधा पुसण्याच्या असतात: पलंगाखाली जातो, कोपऱ्यात वळतो, धूळ सोडत नाही. फ्रेगोनाची थोरवी वेगळ्या क्रियापदात आहे.

तिच्या आधी हे काम गुडघ्यांवर चाले. स्पेनमध्ये घराघरांत नक्षीच्या सिमेंट टाइल्स किंवा मोझॅक, आपल्याकडच्या जुन्या घरांत असतं तसंच. ते घासायला बाई गुडघे टेकून, पुढे वाकून, फडकं घेऊन रांगायची. गुडघ्याच्या वाटीपुढे द्रवाची एक चपटी पिशवी असते. तासन्‌तास तिच्यावर भार पडला की ती सुजते. इंग्रजीत या दुखण्याचं नावच ‘मोलकरणीचा गुडघा’ असं पडलं. दुखणं गुडघ्याचं, नाव हुद्द्याचं. आपल्याकडची बाई गुडघे टेकत नाही, उकिडवी बसून मागे मागे सरकते. तिची वाटी वाचते, पण सांधा आणि कंबर त्याची किंमत मोजतात.

या गुडघ्यांकडे लक्ष गेलं ते विमानांच्या इंजिनिअरचं. मानुएल हालोन कोरोमिनास, जन्म 1925, गाव लोग्रोन्यो, नोकरी स्पेनच्या हवाई दलात. पन्नासच्या दशकात लढाऊ विमानांच्या देखभालीचं शिक्षण घ्यायला तो अमेरिकेत गेला, तेव्हा तिथे हँगरची फरशी उभ्याने पुसणारी माणसं त्याला दिसली. हातात मॉप, शेजारी रोलर लावलेली बालदी. मायदेशी परतल्यावर सारागोसात त्याने तीच कल्पना घरगुती बेतात उतरवली. साल 1956. जेटचं इंजिन बघायला गेलेल्या माणसाच्या डोक्यात परतताना बालदी असावी, हे मला फार आवडतं.

पण 1956ची ती वस्तू म्हणजे पहिला खर्डा. तिच्यात रोलर होते. रोलर म्हणजे फिरणारा भाग. फिरणारा भाग आला की आस आला, आसाला गंज आला, दोरे अडकणं आलं, करकर आली. हँगरमध्ये हे खपून जातं, कारण पान्हा घेतलेला माणूस तिथे हाकेच्या अंतरावर असतो. घरात नसतो. पुढे साठच्या दशकात बालदी प्लॅस्टिकची झाली आणि रोलरांच्या जागी शंकू आला. लिहिणाऱ्यांना ही गोष्ट पटकन कळेल: दुसऱ्या खर्ड्यात त्याने काही घातलं नाही, काढलं.

आता पिळण्याच्या यंत्रात हलणारा एकही भाग उरला नाही. मग पिळतं कोण? झुपका शंकूत खाली ढकलला की भिंती त्याला चोहोबाजूंनी जवळ घेऊ लागतात. आपण दाबतो खाली, पण उतरत्या भिंती तो दाब आत वळवतात. लाकूड फोडायला ठोकलेली पाचर खालच्या घावाचं बाजूच्या रेट्यात रूपांतर करते. इथे तीच पाचर आतून बाहेर उलटवली आहे. रेटा भिंतींकडून येतो आणि मधे सापडतात ते दोरे. त्यावर दांड्याला वळसा दिला की सगळे दोरे मिळून एक दोरखंड होतात आणि स्वतःला स्वतःच आवळू लागतात. म्हणजे पीळ दुहेरी: बाहेरून भिंतींचा, आतून दोऱ्यांचा. पाणी भोकांतून खालीच पडतं, जिथून आलं तिथे.

जोर कुठून येतो तेही पाहण्यासारखं आहे. फडकं पिळताना राबतात बोटं आणि मनगटं, म्हणजे शरीरातले सगळ्यात किरकोळ स्नायू. शंकूवर दांडा उभा धरला की खांदे त्याच्या वर येतात आणि बाईचं वजनच काम करू लागतं. सांधे आखडलेल्या आजीलाही हे जमतं. तिला बोटं आवळायची नसतात, फक्त किंचित झुकायचं असतं. तरी ‘बेताचं ओलं’ ठरवण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. लाकडी जमिनीला घट्ट पीळ, स्वयंपाकघरातल्या चिकट लादीला सैल. मनगटाचं शहाणपण वाया गेलं नाही, ते दांड्यातून वर हातात आलं.

दोऱ्यांबद्दल थोडंच. सुताचा प्रत्येक तंतू पाण्याला ओढ लावणारा, आणि असे तंतू वळून केलेल्या दोऱ्यात मधल्या फटींतून पाणी वर चढत राहतं. दुमडलेलं फडकं जेवढं पाणी धरतं त्याच्या मानाने सुट्या दोऱ्यांच्या फटी पुष्कळ. शिवाय दोरे सुटे असल्याने शंकूत शिरताना ते वाटेल तसे मुडपतात. तिथे चौकोनी फडकं घातलं असतं तर बोळा होऊन वरच अडकलं असतं. झुपका आणि शंकू एकमेकांसाठी लिहिलेले आहेत, एक बदलून दुसरं ठेवता येत नाही.

या वस्तूचं पहिलं नाव ‘लावासुएलोस’ होतं. अर्थ सरळ: जमीन धुणारं. ते टिकलं नाही. लोकांच्या तोंडी बसलं ते फ्रेगोना, आणि हा शब्द नवा नव्हता. ‘फ्रेगार’ म्हणजे घासणं; फ्रेगोना म्हणजे भांडी घासणारी, फरशा पुसणारी बाई. सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या 1613 सालच्या एका कथेच्या शीर्षकातच ही फ्रेगोना आहे. साडेतीनशे वर्षं जो शब्द बाईला लागत होता, तो बालदी-दांड्याला लागला. यात कुणाला बाईची सुटका दिसेल. मला ती तितकी सरळ वाटत नाही. आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने झाला. पोतेरं म्हणजे सारवायचं फडकं, चुलीपासून ओसरीपर्यंत फिरणारं, शेणामातीने भरलेलं. तिथून ते माणसावर आलं: अब्रूचं पोतेरं, आयुष्याचं पोतेरं. स्पॅनिशमध्ये बाईचं नाव वस्तूला मिळालं, मराठीत वस्तूचं नाव माणसाच्या नशिबाला. पिळवणूक हा शब्दही कुठल्या कामातून आला ते मोरीत उभं राहिलं की आठवतं.

श्रेयाचा प्रश्न मी टाळणार नाही. हालोनच्या आधी, 1953 साली, आस्तुरियास प्रांतातल्या हुलिया मोन्तूसे आणि तिची मुलगी हुलिया रोद्रिगेस-मारिबोना यांनी कुठल्याही बालदीला जोडता येईल अशा, फरशी पुसणं सोपं करणाऱ्या साधनाची नोंदणी केली होती. अमेरिकेत तर टॉमस डब्ल्यू. स्ट्यूअर्ट या कृष्णवर्णीय संशोधकाने 1893 सालीच तरफेने पिळता येणाऱ्या मॉपचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा ‘फ्रेगोनाचा जनक’ असली बिरुदं मी बाजूला ठेवतो. फरशी पुसणाऱ्या आईला आणि मुलीला हे आधी सुचावं यात नवल ते काय? हालोनचं मोठेपण मला पहिलं असण्यात दिसत नाही. त्याने ती वस्तू कारखान्यात घडवली, दारोदार पोचवली आणि बनवताना ती सोपी करत नेली. पुढे याच माणसाने एकदाच वापरून टाकायच्या सिरिंजच्या रचनेवर काम केलं. तिथेही प्रश्न जुनाच: दाबल्यावर द्रव कुठून आणि किती बाहेर पडावा.

फ्रेगोनात उणं नाही असं मात्र नाही. मोठं उणं बालदीत आहे. पिळलेलं पाणी ज्या पाण्यात पडतं त्यातच झुपका पुन्हा बुडतो. तिसऱ्या खोलीपर्यंत आपण घराला घरचाच मळ पातळ करून लावत असतो. शंकूने पिळण्याचा प्रश्न सोडवला, पाण्याचा सोडवला नाही. बालदीत मधे पडदा घालून स्वच्छ आणि गढूळ पाणी वेगळं ठेवणं ही दुरुस्ती कुणालाही सुचेल. पण मग बालदी जड होते, उचलून ओतायला दोन हात लागतात आणि शंकूने वाचवलेली कंबर तिथे खर्ची पडते. दुसरं, झुपका ओलाच राहिला तर त्याला कुबट वास येतो. दांडा उलटा करून उन्हात ठेवला की प्रश्न मिटतो, पण रचनेने सांगायची गोष्ट इथे घरातल्या मोठ्या माणसाला ओरडून सांगावी लागते.

आपल्या शहरांतल्या घरांत फ्रेगोना आली नाही, तिची तैवानी भाची आली: स्पिन मॉप. दांडा खाली दाबला की आतल्या मळसूत्राने डोकं गरागरा फिरतं आणि जाळीच्या टोपलीत पाणी बाहेर फेकलं जातं. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. टोपली 10 सेंटिमीटर त्रिज्येची आणि फेरे मिनिटाला 300 असले, तर कडेच्या थेंबावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट ओढ पडते. फेरे 600 केले की चाळीसपट. हिशेब देखणा आहे. पण हालोनने काढून टाकलेला फिरणारा भाग इथे दुप्पट होऊन परत आला आहे, एक दांड्यात, एक टोपलीत. पहिल्या पावसाळ्यात तो खडखडू लागतो, दुसऱ्यात रुसतो. शंकू रुसू शकत नाही.

आमच्याकडे हा मॉप मीच मोठ्या उत्साहाने आणला. कामाला येणाऱ्या मावशींना तो दाखवताना मी मळसूत्र, फेरे, त्रिज्या असं बरंच काही बोललो असणार. त्यांनी ऐकून घेतलं. ‘‘दादा, याने कोपरे निघत नाहीत,’’ एवढंच म्हणाल्या आणि फडकं मागितलं. मी फडकं दिलं नाही. गुडघ्यांवर व्याख्यान दिलं. आता त्या मॉप वापरतात, उभ्याने, न वाकता, आणि पंधरा मिनिटांत घर होतं. कोपरे खरंच निघत नाहीत: गोल झुपका काटकोनात शिरणार कसा? तेवढ्यापुरत्या त्या पायाच्या अंगठ्याने जुनं फडकं कोपऱ्यात फिरवतात, मी बघत नसताना.

काम झालं की त्या बालदी मोरीत ओततात. मग मॉपचं डोकं दांड्यापासून खटकन काढतात, नळाखाली धरतात आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळतात. एकदा मी म्हणालो, ‘‘मावशी, टोपलीत फिरवा की.’’

‘‘फिरवलं,’’ त्या म्हणाल्या, आणि मुठीतून अजून ओंजळभर गढूळ पाणी निघालं.