हर्टा मुंबईला उतरली असती तर

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) बहुधा प्रेमकथा म्हणून वाचली जाते. युरोपातून मुंबईकडे निघालेले जहाज, त्यावर प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हर्टा. थोड्या दिवसांची ओळख, उत्कट ओढ. मुंबई येते, विध्वंस उतरतो. हर्टा पुढे पूर्वेकडे जाते आणि जीव देते. मग चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : विध्वंस कचरला का? प्रश्न खरा आहे, पण अपुरा आहे. विध्वंसच्या मनाइतकेच हर्टाच्या हातातले कागदही पाहायला हवेत.

कादंबरीची कथा समुद्रावर घडते. हुकूमशाही मागे राहिलेली आहे, पण तिने माणसांचे काय केले ते डेकवर दिसते. हे किती नेमके आहे, ते त्या वर्षांचा इतिहास पाहिल्यावर कळते. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. ऑक्टोबर १९३८ पासून त्यांच्या पासपोर्टवर ‘जे’ हे अक्षर उमटू लागले. देश सोडताना माणशी अवघे १० मार्क नेता येत. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देश निर्वासितांच्या प्रश्नावर बसले; बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली आणि दारे लोटून घेतली. शांघायला मात्र व्हिसाशिवाय उतरता येई. म्हणून हजारो ज्यू इटलीच्या बंदरांतून सुएझ, मुंबई, कोलंबो या वाटेने तिकडे गेले. हर्टाचे जहाज या वाटेवरचे आहे.

विध्वंसही स्वतंत्र देशाचा नागरिक नव्हे, तो परसत्तेचा प्रजाजन. तरी मुंबईला त्याला घर आहे, हर्टाला नाही. दोन परतंत्र माणसांमधला हा फरक कादंबरीचा कणा आहे.

आता आमच्या भागाकडे येतो. वेल्ह्याच्या राजगडावरून पूर्वेला पुरंदर दिसतो. भोर तालुक्यातल्या कापूरहोळहून नारायणपूरकडे निघालो की तो समोरच उभा राहतो. मुरारबाजी आणि १६६५ चा तह इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. पण दुसऱ्या महायुद्धात याच गडावर ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून जर्मन कुटुंबे नजरकैदेत होती, हे फार थोडे जण सांगतात. कलेतिहासकार हेर्मान ग्योट्झ तिथे होते. त्या काळात त्यांनी गडाचाच अभ्यास केला. अशा नजरकैदेत हिटलरपासून पळालेले ज्यूही सापडले. चौकशीनंतर अनेकांना सोडले, सर्वांना नाही. ज्या राज्याने त्यांना आपले मानायचे नाकारले, त्याच राज्याची माणसे म्हणून इथे त्यांची नोंद झाली.

म्हणजे हर्टा मुंबईला उतरली असती तरी सुटली असती असे नाही. सप्टेंबर १९३९ नंतर तिच्यावरही शिक्का बसला असता. कदाचित आईबरोबर तीही पुरंदरावर पोहोचली असती.

मग विध्वंस निर्दोष ठरतो का? या माहितीचा वापर त्याची वकिली करण्यासाठी होऊ शकतो : व्यवस्थाच क्रूर, तो बिचारा काय करणार? मला उलट वाटते. नजरकैद आणि समुद्र यांत फरक आहे. गडावरचा माणूस युद्ध संपल्यावर खाली उतरू शकतो. विध्वंस तिला सुख देऊ शकला नसता, पण एक पत्ता देऊ शकला असता. निर्वासिताच्या लेखी सुखाच्या आधी पत्ता येतो.

कादंबरीची मर्यादाही इथेच आहे. सारे निवेदन विध्वंसचे असल्याने हर्टा त्याच्या पश्चात्तापाच्या उजेडातच दिसते. तिच्या मरणाचे दुःख हळूहळू त्याचे दुःख होते आणि वाचक म्हणून आपणही त्याच्याबरोबर मुंबईला उतरतो. तिच्याबरोबर जहाजावर थांबून पुढची बंदरे पाहण्याचे आपल्याला सुचत नाही.

बेडेकरांनी हे १९३९ मध्ये लिहिले. पुरंदरावरची नजरकैद त्यांच्यापुढे नव्हती. तरी रणांगण आघाडीवर नसते, ते उतरू दिले जाणारे आणि न दिले जाणारे यांच्या मधल्या शिडीवर असते, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या वेळी कापूरहोळहून पुरंदराकडे पाहताना मुरारबाजीबरोबर हर्टाही आठवावी, एवढेच म्हणणे आहे.