पुसलेला माणूस

प्रवासात टिपलेली रस्त्यावरची छायाचित्रे हौशी मंडळी एकमेकांस दाखवितात, तेव्हा ‘चौकट स्वच्छ करा’ हा अभिप्राय हमखास मिळतो. मग तारा जातात, खांब जातात. शेवटी आडवा आलेला माणूसही जातो. २०१६ साली इटलीतील प्रदर्शनात स्टीव्ह मॅक्करी यांच्या क्युबातील छायाचित्रात फेरफार आढळले. आपण वृत्तछायाचित्रकार नसून चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत, असा खुलासा त्यांनी केला. आम्हांस तो अपुरा वाटतो. रघुबीर सिंह (१९४२-१९९९) यांच्या चौकटीत गर्दी, काचा, आरसे सारेच नांदतात. पाहणाऱ्याला वाट शोधावी लागते. उजेड, रंगछटा खुशाल सुधाराव्यात. परंतु तेथे उभ्या असलेल्या माणसाला पुसले, की उरते ती आपल्या कल्पनेची सजावट. ते गाव नव्हे.