पिशवीवरचं वाङ्मय

कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवरचा मजकूर मी दोनदा वाचला. भाषा आटोपशीर, आकडे लेजरसारखे चोख: लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोनदा; पिल्लाच्या खाद्यात प्रथिनं, चरबी, कॅल्शियम जास्त. लेखकाला विषय कळतो, बिऱ्हाड कळत नाही. पात्रं दोन, आणि ती एकमेकांना भेटतच नाहीत!

आमच्याकडे भेटली. नऊ वर्षांचा मोती पिल्लाचं ताट रोज चाटूनपुसून साफ करी. दोन महिन्यांत असा फुगला की जिना चढेना. इकडे पिल्लाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेवटी हिनं पिल्लाला ताटासकट मोरीत नेलं आणि कडी घातली. ‘कडी घाला’ एवढे दोन शब्द पिशवीवर हवे होते. (बाकी छपाई सुरेख.) मोती आता जिना चढतो. हिच्याकडे मात्र बघत नाही.