‘लाभार्थी’ : एका शब्दाची चिकित्सा

आरोग्यविम्याच्या वादात आकडे पुष्कळ फेकले जातात. शब्द मात्र कोणी तपासत नाही. मी मराठी शिकवतो, म्हणून मला एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव देण्यात आले. २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागील दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट काढून योजना सर्वांना खुली केली. या सुधारणेचे मोल मी नाकारीत नाही. कर्करोगापायी, हृदयाच्या शस्त्रक्रियेपायी कर्जात बुडालेली घरे आपल्याच वस्त्यांत आहेत.

परंतु या व्यवहारात रुग्णाला नाव काय? ‘लाभार्थी’. म्हणजे कोणाच्या तरी दारात उभा असलेला. हे नाते आपल्याला नवे नाही. येसकराच्या भाकरीत हेच होते: काम सक्तीचे आणि भाकर उपकाराची.

त्याच्याशेजारी ‘विमेदार’ हा शब्द ठेवून पाहा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळातच, १९४४ साली, प्रा. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्यात कामगाराची वर्गणी आहे, मालकाची आहे आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाईही आहे. माझे वडील गिरणी कामगार. पगारातून वर्गणी कापली जाई, म्हणून दवाखान्याच्या रांगेत ते कधी ओशाळले नाहीत. औषध मिळाले नाही तर सरळ भांडत.

शेतमजूर आणि धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी त्या कायद्याबाहेर राहिल्या. त्या वर्गणी कोठे भरतात, असे कोणी विचारील. साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर त्या कर भरतात. सरकार योजनेवर जो पैसा खर्च करते, त्यात त्यांचाही घाम आहे. मग त्या लाभार्थी कशा?

शब्द चुकला की धोरणही चुकते. विदर्भात सिकलसेल हा आजार विशेषतः दलित-आदिवासींच्या घरांत आढळतो. त्याला जन्मभर गोळ्या आणि वेळोवेळी तपासणी लागते. विमा मुख्यतः खाटेवर पडलेल्या माणसाचे पैसे मोजतो. माणूस खाटेवर पडूच नये, हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे आणि मेडिकल-मेयोच्या बाह्यरुग्ण विभागाचे. मी राहतो त्या धंतोलीत गल्लोगल्ली खासगी इस्पितळांच्या पाट्या आहेत. यांतल्या काहींची दारे विम्याने उघडली, तरी रोजच्या गोळीची सोय तेथे होत नाही. लाभार्थ्याला फार तर खाट मागता येते. सरकारी दवाखाना का मोडकळीस आला, हा जाब हक्कदारच विचारू शकतो.

दान-दक्षिणेच्या व्यवस्थेवर जोतिरावांनी आयुष्यभर प्रहार केले. त्यांच्या नावाच्या योजनेत दात्याची भाषा शोभत नाही. शासनाच्या कागदावर ‘हक्कदार’ हा शब्द यावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. पण तेवढ्याने भागणार नाही. शिबिरे घेऊन विम्याची कार्डे काढून देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी सोबत एक वहीही ठेवावी. वस्तीच्या आरोग्य केंद्रात कोणते औषध किती दिवस नव्हते, डॉक्टर किती दिवस आले नाहीत, याची तारीखवार नोंद तिच्यात करावी आणि ती वही घेऊन जिल्हा परिषदेत, महापालिकेत जावे.