फेसातले मीठ

वसईकराच्या ओळखीचे दोन फेस आहेत. एक चिंचोटीच्या धबधब्याखालचा, दुसरा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा. चिंचोटीला ऐन पावसाळ्यात मोठमोठे बुडबुडे उठतात, एकमेकांत मिसळतात, विरतात. अर्नाळ्याची लाट मात्र फुटताच पांढरीशुभ्र होते. ही शुभ्रता बारीक बुडबुड्यांची. समुद्रातली सेंद्रिय द्रव्ये फेस टिकवतात खरी, पण बुडबुडा मुळात बारीक राहतो तो मिठामुळे. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भिडले की मधला पाण्याचा पडदा लगेच फाटतो. खाऱ्या पाण्यात तो तग धरतो.

या पडद्यावर खाणींचा मोठा व्यवहार चालतो. तांब्याचा दगड दळून पाण्यात कालवतात आणि झँथेटसारखे रसायन घालतात, त्याने तांब्याच्या खनिजकणाला पाणी नकोसे होते. हवा सोडली की तो कण बुडबुड्याला धरून वर येतो, बाकीचा दगड खाली राहतो. पाणी खारे असले तर बुडबुडे बारीक होतात, कणांना चिकटायला जागा वाढते. शिवाय कण आणि बुडबुडा यांना दूर ठेवणारा विद्युतभार क्षारांमुळे झाकला जातो. दगडी कोळसा तर नुसत्या खाऱ्या पाण्यातही तरंगवता येतो.

मला यातले सर्वांत देखणे वाटते ते क्रेग, निनहॅम आणि पॅशली यांनी 1993 साली 'नेचर'मध्ये मांडलेले निरीक्षण. साधे मीठ बुडबुड्यांचे मिसळणे रोखते. पण त्यातले सोडियम काढून हायड्रोजन ठेवला, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, की परिणाम नाहीसा होतो. सोडियम तसेच ठेवून क्लोराइडच्या जागी ॲसिटेट आणले तरी तेच. गुण एकट्या आयनाचा नाही, जोडीचा आहे! कुठली जोडी जमते याचा नियम त्यांनी लिहून दाखवला. तो तसाच का, याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

पण समुद्राचे पाणी म्हणजे केवळ मीठ नव्हे. किलोभर पाण्यातल्या सुमारे 35 ग्रॅम क्षारांत मॅग्नेशियम असते जेमतेम 1.3 ग्रॅम, आणि चिलीतल्या तांब्याच्या कारखान्यांना छळते ते हेच. तिथे पाणी दुर्मीळ, म्हणून काही कारखाने समुद्राचे पाणी तसेच वापरतात. दगडातले नको असलेले लोहमाक्षिक (पायराइट) खाली ठेवायला चुना घालावा लागतो. सामू दहाच्या आसपास गेला की मॅग्नेशियमचा हायड्रॉक्साइड साकळतो. तांब्यासोबत मिळणाऱ्या मॉलिब्डेनाइटच्या कणांवर त्याचा लेप बसतो आणि ते बुडबुड्याला धरेनासे होतात. चुनाही भरमसाट खर्च होतो, कारण मॅग्नेशियम तो आधी गिळून बसते.

इकडे वसईजवळच्या नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांत हे मॅग्नेशियम फार जुन्या काळापासून ओळखीचे आहे. खाडीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आटत जाते. आधी जिप्सम बसते, मग मीठ. मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्यातच राहते, म्हणून ते उरलेले कडू पाणी वेळेवर सोडून द्यायचे. नाहीतर मीठ कडवट होते आणि हवेतली ओल ओढून पाझरू लागते. कधी थांबायचे, हे मला मिठागरातले सगळ्यात नाजूक कौशल्य वाटते. चिलीतल्या कारखान्याला असे थांबण्याची सोय नाही, त्याला सगळे पाणी एकदमच घ्यावे लागते. म्हणून समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम चुना-सोड्याने आधीच खाली बसवून मग ते पाणी दळलेल्या दगडात घालायचे, या मार्गावर संशोधन झाले आहे.