रसाभासाचे सुख: फसलेल्या हेरपटांविषयी

समीक्षेचा आजवरचा बहुतेक श्रम उत्तम कृती उत्तम का, हे सांगण्यात खर्ची पडला आहे. सामान्य कृतीचा परामर्श घेण्याची वेळ आली तर समीक्षक तो चार ओळींत उरकतो. आणि जी कृती उघडउघड फसली आहे, तिच्याकडे तो वळूनही पाहत नाही. ही रीत वावगी आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि रसिकांच्या अनुभवाची साक्ष काहीशी निराळी आहे. १९६० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत देशोदेशी जे स्वस्त, घाईने उरकलेले आणि पदोपदी घसरलेले हेरपट निघाले, त्यांचे चाहते अजूनही टिकून आहेत. त्याच काळातील कितीतरी नीटनेटके, निर्दोष चित्रपट मात्र कोणाच्या स्मरणात उरलेले नाहीत. ही निव्वळ अभिरुचीची विकृती म्हणावी, की या ओढीच्या मुळाशी विचार करण्याजोगे काही आहे? या प्रश्नाचा येथे थोडा ऊहापोह करण्याचा मानस आहे.

१९६२ साली 'डॉक्टर नो' या चित्रपटातून जेम्स बाँड पडद्यावर अवतरला आणि १९६४ च्या 'गोल्डफिंगर'ने त्याची कीर्ती जगभर पसरली. लागलीच इटली, स्पेन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी येथील निर्मात्यांनी त्याच्या नकलांचा सपाटा लावला. या नकलांचा मेरुमणी शोभावा असा चित्रपट म्हणजे आल्बेर्तो दे मार्तिनो यांनी दिग्दर्शित केलेला 'ओके कॉनरी' (१९६७). इंग्रजी जगात तो 'ऑपरेशन किड ब्रदर' या नावाने ओळखला जातो. बाँडची भूमिका करणारे शॉन कॉनरी काही या चित्रपटात नव्हते. होते त्यांचे धाकटे बंधू नील. हे गृहस्थ एडिंबरोमध्ये भिंतींना गिलावा करण्याचे काम करीत असत. पडद्यावर मात्र ते चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करणारे निष्णात शल्यविशारद झाले, संमोहनविद्येत पारंगत झाले आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखू लागले. पात्राचे नावही 'कॉनरी' असेच ठेवले, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात नात्याविषयी शंका राहू नये! भोवती मूळ बाँडपटांतील ओळखीची मंडळी गोळा केली. बाँडचे वरिष्ठ झालेले बर्नार्ड ली आणि त्यांच्या चिटणीस झालेल्या लोइस मॅक्सवेल येथे तशाच भूमिकांत आहेत. 'थंडरबॉल'मधील खलनायक आदोल्फो चेली येथेही खलनायकच आहेत. कथेत आंधळे विणकर किरणोत्सर्गी गालिचे विणीत बसतात. खलनायकाच्या चुंबकीय लहरींनी बंदुका आणि यंत्रे निकामी होतात, तेव्हा नायकाचा पक्ष धनुष्यबाण घेऊन लढाईला निघतो. हे सारे चालू असताना कोणाच्याही मुद्रेवर स्मिताची रेषा उमटत नाही.

आमच्या साहित्यशास्त्राला या अवस्थेचे नाव ठाऊक आहे. अनुचित स्थानी प्रवृत्त झालेला रस हा रसाभास, आणि रसाभासातून हास्याचा उद्भव होतो, असे अभिनवगुप्तांचे प्रतिपादन आहे. सीतेविषयी रावणाला वाटणारी रती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कर्त्याला अभिप्रेत असतो वीर आणि अद्भुत. प्रेक्षकाच्या पदरात पडतो हास्य. परंतु एवढ्याने आमच्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. रसाभासाने हसू का येते, हे कळते. जिव्हाळा का वाटतो, हे कळत नाही. शिवाय फसलेले चित्रपट बव्हंशी केवळ कंटाळा आणतात. तेव्हा हेरपटांतच असे काय आहे की त्यांचे फसणे आपल्याला प्रिय व्हावे?

आमच्या मते याचे एक कारण हेरपटाच्या मूळ प्रतिज्ञेत आहे. खरा हेर कसा असावा, हे कौटिल्याने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्याचे गूढपुरुष गृहस्थाच्या, व्यापाऱ्याच्या, तापसाच्या, भिक्षुकीच्या वेषात वावरतात, म्हणजे ज्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही अशा वेषांत. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त निपुणक हा हेर यमपट दाखवीत दारोदार हिंडतो आणि चंदनदासाच्या घरून राक्षसाची मुद्रा घेऊन येतो. एका अंगठीवर सबंध नाटक उभे राहते, आणि तेवढ्यासाठी एकाही स्फोटाची गरज पडत नाही. चित्रपटातील हेर याच्या नेमका उलट आहे. तो येताना वाद्ये वाजतात, तो अनोळखी माणसाला स्वतःचे नाव सांगतो, आणि सर्वांत देखण्या मोटारीतून सर्वांत उंची हॉटेलात उतरतो. त्याच्या पाठीशी एक सर्वज्ञ, सर्वसमर्थ आणि अत्यंत तत्पर असे सरकारी खाते उभे असते.

हे खाते उभे करण्यास द्रव्य लागते. ते असले म्हणजे पोलादी दारे, चकाकणारे नकाशे, भूमिगत दालने सारे काही दाखवता येते आणि प्रेक्षक दिपून जातो. ते नसले म्हणजे एक मेज, दोन टेलिफोन, भिंतीवर जगाचा नकाशा आणि उघडझाप करणारे तांबडे दिवे एवढ्यावर भागवावे लागते. गंमत अशी की, हे दरिद्री कार्यालयच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे आयुष्य कचेऱ्यांत गेले आहे. राज्याचे गुपित म्हणजे पाकिटात घातलेले दुसरे पाकीट, आतल्यावर 'गोपनीय' असा शिक्का, लाखेची मोहोर आणि आवक-जावक नोंदवहीतील एक ओळ, हे त्यांना ठाऊक आहे. अशा वाचकाला बाँडच्या झगझगीत मुख्यालयापेक्षा पुठ्ठ्याच्या भिंतींचे हे मुख्यालय ओळखीचे वाटले तर नवल नाही. ज्यांनी शासनयंत्रणा आतून कधी पाहिली नाही, त्यांनी तिचे सामर्थ्य कल्पिले. आणि पैसा अपुरा पडल्यामुळे त्यांच्या हातून तिचा साधेपणा उघड झाला.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते समजण्यासाठी आपल्या देशातील हेरपटांकडे वळले पाहिजे. १९६६ साली तेलुगूत 'गूढचारि ११६' आला. त्यावरून रविकांत नगाइच यांनी १९६७ मध्ये हिंदीत जितेंद्र यांना घेऊन 'फर्ज' काढला. कन्नडमध्ये दोरै-भगवान या जोडीने १९६८ साली राजकुमार यांचा सी. आय. डी. ९९९ हा हेर निर्माण केला आणि त्याच वर्षी त्याला गोव्यातही धाडले. नगाइच यांनी पुढे मिथुन चक्रवर्ती यांना 'गनमास्टर जी-९' करून 'सुरक्षा' (१९७९) आणि 'वारदात' (१९८१) हे चित्रपट केले. 'फर्ज'मधील कारस्थान आज कितीजणांना सांगता येईल याची शंका आहे. पण मोहम्मद रफी यांनी गायिलेले त्यातील वाढदिवसाचे गाणे अजून घरोघरी वाजते. हेरपटातून चिरंजीव व्हावे ते वाढदिवसाच्या गाण्याने, हा योगही मोठा मौजेचा आहे. 'वारदात'मध्ये शत्रूचे शस्त्र आहे टोळ. पाश्चात्त्य खलनायक सोन्याच्या साठ्यावर किंवा अणुबाँबवर डोळा ठेवतो. आपला खलनायक उभ्या पिकांवर टोळधाड घालतो. ज्या देशात टोळधाडीची पूर्वसूचना देणारी सरकारी यंत्रणा १९३९ पासून काम करीत आली आहे, आणि १९६५ ते १९६७ या काळातील अवर्षणे ज्याने सोसली आहेत, तेथे हे भय उसने आणलेले नव्हते.

नगाइच मूळचे छायालेखक. नंदमूरी तारक रामाराव यांच्या 'सीताराम कल्याणम्' (१९६१) या पौराणिक चित्रपटाचे छायालेखन त्यांचे होते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या हेरपटांचे कोडे उलगडू लागते. खलनायकाची गुहा म्हणजे असुराची गुहा. त्याची यंत्रे म्हणजे वराने मिळालेले सामर्थ्य. नायकाची आयुधे म्हणजे दिव्यास्त्रे. वाटेत भेटणारी मोहक स्त्री म्हणजे कधी मोहिनी, कधी विषकन्या. हेरपट म्हणून पाहता जे जे खोटे वाटते, ते पौराणिक आख्यान म्हणून पाहता आपापल्या जागी बसते. आणि या वाटेने मागे जाऊ लागलो की आपण थेट दादासाहेब फाळके यांच्यापाशी पोहोचतो. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा फाळके यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभे केले. पुढे 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. एडिंबरोचा गिलावा करणारा कारागीर आणि मुंबईच्या उपाहारगृहातील नोकर यांच्यात तत्त्वतः फरक तो काय? दोन्हीकडे साधने अपुरी, आकांक्षा मोठी. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या श्रद्धेत. एकाला पाहून लोक हसले, दुसऱ्याला पाहून त्यांनी हात जोडले. चित्रपटकलेचा आपल्याकडील जन्मच इच्छा आणि साधन यांतील अशा अंतरात झाला आहे. सुघड चित्रपटात हे अंतर बुजवलेले असते. फसलेल्या हेरपटात ते उघडे पडते, आणि त्यातून माणसांचा हव्यास आणि श्रम दोन्ही दिसतात. आम्हाला जिव्हाळा वाटतो तो याचा.

याचा पडताळा उलट बाजूनेही घेता येतो. बाँडची मुद्दाम टवाळी करण्यासाठी १९६७ सालीच 'कसिनो रोयाल' निघाला. त्याला नामांकित नटांचा ताफा लाभला, द्रव्याचा तुटवडा नव्हता, आणि दिग्दर्शक म्हणून पाच जणांची नावे लागली. तरीही तो चित्रपट आज पाहताना शीण येतो. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ मधील आपल्या एका प्रसिद्ध निबंधात अशा रुचीचा विचार करताना भाबडा आविष्कार आणि जाणूनबुजून केलेला आविष्कार यांत भेद केला आणि पहिल्याला श्रेष्ठ मानले. तो भेद येथे तंतोतंत लागू पडतो. 'कसिनो रोयाल'चा स्वतःवर विश्वास नाही. 'ओके कॉनरी'चा धनुष्यबाणांवरही आहे.

तथापि या सुखाला एक मर्यादा आहे. फिलिपाइन्समध्ये १९८१ साली 'फॉर युअर हाइट ओन्ली' हा हेरपट निघाला. त्याचे नायक वेंग वेंग यांची उंची सुमारे पावणेतीन फूट होती. चित्रपटाच्या नावातच त्या उंचीवर कोटी केली होती. १९८२ च्या मनिला येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात या चित्रपटाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि तो जगभर गेला. नायक मात्र १९९२ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आतच, दारिद्र्यात वारले. पुढे अँड्र्यू लेव्होल्ड या ऑस्ट्रेलियन चित्रपटकाराने त्यांच्या आयुष्याचा माग काढणारा अनुबोधपट केला. तो पाहिल्यानंतर मूळ चित्रपटाकडे पूर्वीसारखे निर्वेधपणे पाहता येत नाही. पुठ्ठ्याची भिंत हलली म्हणून हसणे वेगळे आणि माणसाचे शरीर लहान आहे म्हणून हसणे वेगळे. पहिल्या हास्यात आपण कृतीच्या आकांक्षेचे साक्षीदार असतो. दुसऱ्यात कोणाच्या तरी असहायतेचे गिऱ्हाईक.

म्हणून 'वाईट आहे म्हणूनच चांगले' हे जे अलीकडे सर्रास म्हटले जाते, ते आम्हाला मान्य नाही. वाईट ते वाईटच. नगाइच यांचे टोळ कागदी दिसत असतील तर ते कागदीच म्हटले पाहिजेत. आणि नील कॉनरी यांचा अभिनय लाकडी असेल तर त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. मात्र दोष सांगून झाल्यावर समीक्षकाने आणखी एक प्रश्न विचारावा: या कृतीला काय व्हावयाचे होते? ज्या कृतीला या प्रश्नाचे उत्तर देता येते, ती फसली तरी रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. जिला ते देता येत नाही, तिच्यावर कितीही द्रव्य ओतले तरी प्रेक्षक मध्यंतरातच घड्याळ पाहू लागतो. बाँडच्या नकला करणाऱ्या या दरिद्री चित्रपटांना शूर व्हावयाचे होते, जग वाचवायचे होते, आणि तेही चार आठवड्यांत, उसन्या मोटारीवर. त्यांची ती इच्छा आम्ही ओळखतो, आणि त्यांच्या फजितीवर हसतो तेही तिला ओळखूनच.